उतारवयातील आहार आणि नैराश्य : एका प्रश्नावलीची घडण

भारतातील वृद्धांपैकी किती जण नैराश्याने ग्रासलेले आहेत, या प्रश्नाला एकाच सर्वेक्षणाने तीन वेगवेगळी उत्तरे दिलेली आहेत. मुंबईत देवनार येथे असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने हार्वर्ड आणि सदर्न कॅलिफोर्निया या अमेरिकी विद्यापीठांच्या सहकार्याने केलेल्या आणि 'लासी' या संक्षिप्त नावाने ओळखल्या जाणाऱ्या दीर्घकालीन वार्धक्य अभ्यासाची पहिली फेरी २०१७-१८ मध्ये सुरू झाली. तिच्यात ४५ वर्षे व त्यापुढील वयाच्या सुमारे ७२ हजार व्यक्तींच्या मुलाखती घेण्यात आल्या आणि तिचा अहवाल जानेवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. साठीपुढील व्यक्तींना डॉक्टरांनी नैराश्याचे निदान केले आहे का, असे सरळ विचारल्यावर जेमतेम ०.८ टक्के लोकांनी होकार दिला. त्याच व्यक्तींना निदानाच्या निकषांवर बेतलेली लक्षणांची प्रश्नमालिका विचारल्यावर हे प्रमाण ८.३ टक्क्यांवर गेले. आणि आदल्या आठवड्यातील मनःस्थितीबद्दलच्या छोट्या प्रश्नसंचाने मोजल्यावर नैराश्याची काही ना काही लक्षणे असणाऱ्यांचे प्रमाण एक चतुर्थांशाच्याही वर भरले. यातील एकही आकडा खोटा नाही, कारण पहिला आकडा उपचारव्यवस्थेपर्यंत पोहोचलेल्यांचा आहे, दुसरा आजाराच्या निकषांत बसणाऱ्यांचा आहे आणि तिसरा मनाने खचलेल्या सर्वांचा आहे. सर्वेक्षणाचे उत्तर प्रश्नाच्या घडणीवर किती अवलंबून असते, हे दाखवण्यासाठी याहून ठळक उदाहरण सापडणे कठीण आहे.

याच अहवालानुसार साठीपुढील सुमारे २७ टक्के भारतीयांचे वजन उंचीच्या मानाने कमी आहे. उतारवयातील अपुरे पोषण आणि नैराश्य या दोन गोष्टी वारंवार एकाच व्यक्तीत आढळतात, हे जगभरच्या अभ्यासांनी दाखवलेले असले, तरी त्यांच्यातील नाते एकेरी नाही. मन खचले की भूक मंदावते, स्वयंपाक करण्याची उमेद राहत नाही, एकट्यासाठी चूल पेटवणे नकोसे होते आणि चहा-बिस्किटांवर दिवस काढला जातो. उलट बाजूने, शरीराला आवश्यक घटक मिळाले नाहीत तर मेंदूचे रासायनिक कामकाज बिघडू शकते. ब१२ जीवनसत्त्वाचे उदाहरण या दृष्टीने महत्त्वाचे आहे. मेंदूतील संदेशवाहक द्रव्यांच्या निर्मितीशी निगडित असलेल्या रासायनिक साखळीत ब१२ आणि फोलेट यांची गरज असते, आणि ती अडली की रक्तात होमोसिस्टीन नावाचे अमिनो आम्ल साचू लागते. वयाबरोबर जठरातील आम्ल कमी होत गेल्यामुळे अन्नातील ब१२ सुटे होऊन शोषले जाण्याची क्रिया मंदावते आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षे घेतल्या जाणाऱ्या मेटफॉर्मिनमुळे ती आणखी खुंटते. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रामीण भाग, झोपडवस्ती आणि शहरी मध्यमवर्ग अशा तीन थरांतील ४४१ मध्यमवयीन पुरुषांची तपासणी करून २००६ मध्ये जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांत सुमारे दोन तृतीयांश पुरुषांमध्ये ब१२ ची पातळी कमी आढळली होती. हे पुरुष आता वार्धक्यात प्रवेश केलेल्या पिढीतले आहेत, म्हणून महाराष्ट्रापुरता हा प्रश्न दूरचा नाही.

मात्र सहसंबंध म्हणजे कारण नव्हे, याची आठवण याच क्षेत्राने संशोधकांना अनेकदा करून दिली आहे. अमेरिकेत शारीरिक दुर्बलता असलेल्या ७०० वृद्ध स्त्रियांच्या अभ्यासात ब१२ ची कमतरता असणाऱ्यांमध्ये तीव्र नैराश्याचे प्रमाण सुमारे दुप्पट आढळले, तो निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाला. ऑस्ट्रेलियात २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लहान प्रयोगात नैराश्याच्या ६७ रुग्णांपैकी ज्यांना बारा आठवडे आहारतज्ज्ञांचे मार्गदर्शन मिळाले त्यांच्यातील जवळपास एक तृतीयांश लक्षणमुक्त झाले, तर केवळ सोबत आणि गप्पा मिळालेल्या गटात हे प्रमाण ८ टक्के राहिले. याउलट, पन्नाशीपुढील १८,३५३ अमेरिकी व्यक्तींना सरासरी पाच वर्षांहून अधिक काळ ड जीवनसत्त्व किंवा त्यासारखी दिसणारी निष्क्रिय गोळी देऊन केलेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत नैराश्य टाळण्यासाठी त्या जीवनसत्त्वाचा काहीही उपयोग दिसला नाही, जरी त्याआधीच्या कितीतरी सर्वेक्षणांनी ड जीवनसत्त्वाची कमतरता आणि नैराश्य सोबत आढळल्याचे नोंदवले होते. जो माणूस खिन्न असतो तो घराबाहेर कमी पडतो, उन्हात कमी जातो आणि म्हणून त्याच्या रक्तात हे जीवनसत्त्व कमी असते, असा उलटा अर्थही त्या आकड्यांत दडलेला होता. तेव्हा वृद्धांच्या आहाराचे आणि नैराश्याचे सर्वेक्षण उभारताना पहिली कसोटी ही की, ते जे मोजतो म्हणते तेच मोजते की नाही.

पोषणस्थिती मोजण्यासाठी जगभर सर्वाधिक वापरले जाणारे साधन म्हणजे १९९०च्या दशकात फ्रान्स, स्वित्झर्लंड आणि अमेरिकेतील संशोधकांनी घडवलेले 'मिनी न्यूट्रिशनल असेसमेंट'. मूळ स्वरूपात त्यात १८ बाबी आणि ३० गुण असून १७ पेक्षा कमी गुण म्हणजे कुपोषण, १७ ते २३.५ म्हणजे कुपोषणाचा धोका आणि २४ किंवा अधिक म्हणजे समाधानकारक पोषण, असे मानले जाते. त्याची सहा बाबींची आणि १४ गुणांची लघुआवृत्तीही प्रचलित आहे. नैराश्याच्या बाजूला तीन साधने प्रामुख्याने वापरात आहेत. १९७७ मध्ये अमेरिकेत तयार झालेली २० प्रश्नांची सीईएस-डी ही मोजपट्टी सर्वसाधारण लोकसंख्येसाठी होती. २००१ मधील नऊ प्रश्नांची पीएचक्यू-९ ही दवाखान्यात येणाऱ्या रुग्णांसाठी होती. आणि स्टॅनफर्डमधील जेरोम येसावेज व सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकाच्या प्रारंभी घडवलेली जेरिअॅट्रिक डिप्रेशन स्केल, म्हणजे वार्धक्यातील नैराश्याची मोजपट्टी, ही मुद्दाम वृद्धांसाठीच होती. या शेवटच्या मोजपट्टीसाठी प्रथम शंभर प्रश्न तपासण्यात आले, त्यांतून तीस निवडण्यात आले आणि १९८६ मध्ये पंधरा प्रश्नांची आवृत्ती आली, जिच्यात पाच किंवा अधिक गुण मिळाल्यास पुढील तपासणी सुचवली जाते. उत्तर फक्त 'होय' किंवा 'नाही' असे द्यायचे असल्यामुळे शाळेची पायरी न चढलेल्या वृद्धांनाही ती जमते. 'कधीच नाही', 'काही दिवस', 'निम्म्याहून अधिक दिवस', 'जवळजवळ रोज' अशा चढत्या पर्यायांतून निवड करणे त्यांतील अनेकांना अवघड जाते.

साधनांची ही यादी पाहून एखादे पोषणाचे आणि एखादे नैराश्याचे उचलावे, त्यांची मराठी भाषांतरे एका कागदावर छापावीत आणि गावोगाव फिरावे, असा मोह अनेक पदव्युत्तर प्रबंधांत दिसतो. त्यात एक खोल गफलत आहे. पोषणाच्या लघुआवृत्तीतील सहा बाबींपैकी एक बाब मानसिक आघात किंवा तीव्र आजार गेल्या तीन महिन्यांत झाला का, याबद्दलची आहे आणि दुसरी थेट स्मृतिभ्रंश किंवा नैराश्य आहे का, याबद्दलची आहे. या दोन्ही बाबींना प्रत्येकी दोन गुण आहेत. समजा, नुकतेच जोडीदार गेलेली आणि तीव्र नैराश्यात असलेली एखादी वृद्धा पोटभर जेवते आहे, तिचे वजन घटलेले नाही, ती हिंडती-फिरती आहे आणि उंचीच्या मानाने तिचे वजन उत्तम आहे. तरीही तिचे चार गुण केवळ मनाच्या अवस्थेमुळे जातात, ती १४ पैकी १० वर येते आणि आठ ते अकरा या 'धोक्याच्या' गटात नोंदली जाते. म्हणजे तिचे नैराश्य हेच तिचे कुपोषण ठरते, आणि नंतर संगणक मोठ्या विश्वासाने सांगतो की नैराश्य आणि कुपोषण यांच्यात घट्ट नाते आहे.

हीच गफलत उलट बाजूनेही होते. पीएचक्यू-९ मध्ये भूक, थकवा आणि झोप यांबद्दल प्रत्येकी एक प्रश्न असून प्रत्येकाला जास्तीत जास्त तीन गुण आहेत. रक्तक्षयाने थकलेला, दात पडल्यामुळे जेवण न जाणारा आणि रात्री लघवीसाठी चार वेळा उठणारा वृद्ध मनाने पूर्ण प्रसन्न असला, तरी या तीन प्रश्नांवरच नऊ गुण मिळवू शकतो, आणि दहा गुणांवर तर नैराश्याचा संशय घ्यायचा असतो. सीईएस-डीच्या मूळ वीस प्रश्नांतही भूक न लागण्याचा प्रश्न आहे. वार्धक्यातील नैराश्याच्या मोजपट्टीच्या कर्त्यांनी शारीरिक लक्षणे जवळजवळ वगळली ती याच कारणासाठी, की उतारवयात ही लक्षणे शरीराच्या शंभर कारणांनी उद्भवतात. म्हणून आहाराशी नैराश्याचे नाते तपासणाऱ्या सर्वेक्षणात ही मोजपट्टी वापरणे, पोषणाच्या साधनातील मानसिक बाबी बाजूला काढून उरलेल्या गुणांवरही विश्लेषण करणे, आणि दोन्ही प्रकारे येणारे निष्कर्ष अहवालात शेजारी-शेजारी मांडणे, हा किमान प्रामाणिकपणा मानला पाहिजे. मानसिक बाबी काढल्यावर नाते विरून गेले, तर ते नाते साधनांनीच निर्माण केलेले होते असे समजावे. टिकले, तर त्याला वजन आहे.

परंतु परदेशी मोजपट्टी योग्य निवडली म्हणजे काम झाले असे नाही, कारण प्रश्नांमागे एक जीवनपद्धती गृहीत धरलेली असते. बाहेर जाऊन नवे काही करण्यापेक्षा घरी राहणे आवडते का, अशा आशयाचा प्रश्न अमेरिकी वृद्धाच्या बाबतीत उत्साह मोजतो. मराठवाड्यातील सत्तरीच्या बाईच्या बाबतीत तो तिच्या मनापेक्षा तिच्या घरातील रीत, गुडघेदुखी आणि एसटीची वेळ हेच अधिक मोजतो. त्याहून नाजूक बाब मृत्यूविषयीच्या बोलण्याची आहे. 'आता देवाने न्यावे', 'सगळे झाले, आता डोळे मिटावेत' असे उद्गार महाराष्ट्रातील कितीतरी वृद्ध समाधानाने, कृतकृत्यतेच्या भावनेने काढतात, आणि तेच शब्द दुसरी एखादी व्यक्ती असह्य निराशेतून उच्चारते. प्रशिक्षण नसलेला मुलाखतकार दोघांनाही सारखीच खूण करतो. म्हणून अशा उत्तरानंतर 'असे अलीकडे वाटू लागले की पूर्वीपासून?', 'स्वतःला काही करून घ्यावे असे मनात येते का?' असे पाठपुराव्याचे प्रश्न प्रश्नावलीतच छापलेले असावे लागतात. ते मुलाखतकाराच्या समजुतीवर सोडणे धोक्याचे असते.

तशातच, ग्रामीण वृद्ध आपले दुःख 'नैराश्य' या नावाने सांगत नाहीत. 'मन लागत नाही', 'कशातच जीव रमत नाही', 'अन्न गोड लागत नाही', 'डोके जड वाटते', 'अंगात त्राण नाही', 'छातीत धडधडते' ही त्यांची भाषा असते, आणि तिच्यात मन व शरीर वेगळे काढलेले नसते. हे शब्द प्रश्नावलीत कसे येतील, हे कार्यालयात बसून ठरत नाही. त्यासाठी आधी वेगवेगळ्या जातिसमूहांतील आणि भागांतील वृद्धांशी मोकळ्या गटचर्चा कराव्या लागतात, कोकणातील, खानदेशातील आणि विदर्भातील बोलण्याचे फरक टिपावे लागतात, मग दोन स्वतंत्र व्यक्तींनी मराठी मसुदा करावा, मूळ साधन न पाहिलेल्या तिसऱ्या व्यक्तीने तो परत मूळ भाषेत न्यावा आणि तफावती पाहून समितीने मजकूर नक्की करावा, असा क्रम असतो. त्यानंतरची पायरी अनेकदा गाळली जाते आणि तीच सर्वांत मोलाची आहे : दहा-पंधरा वृद्धांना एकेक प्रश्न विचारून, 'या प्रश्नाचा तुम्ही काय अर्थ घेतला?' आणि 'हे उत्तर देताना मनात काय आले?' हे त्यांच्याच शब्दांत ऐकायचे. या पद्धतीला बोधनात्मक मुलाखत म्हणतात. नकारात्मक प्रश्नाला मराठीत 'हो' म्हणणारा माणूस नकाराला दुजोरा देतो आहे की त्याचे खंडन करतो आहे, हा घोळ याच टप्प्यावर उघड होतो, आणि म्हणून 'तुम्हाला कंटाळा येत नाही ना?' यासारखी वाक्ये प्रश्नावलीतून हद्दपार होतात.

मसुदा तयार झाल्यावर त्याची विश्वसनीयता आणि वैधता तपासायची असते. विश्वसनीयता म्हणजे तीच व्यक्ती, तशाच परिस्थितीत, दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा विचारल्यावर साधारण तेच उत्तर देते का, आणि दोन वेगळ्या मुलाखतकारांना सारखे उत्तर मिळते का, हे. वैधता म्हणजे मोजपट्टीने निराश ठरवलेली व्यक्ती मनोविकारतज्ज्ञाच्या स्वतंत्र तपासणीतही तशीच आढळते का, हे. ही तपासणी करणाऱ्या तज्ज्ञाला मोजपट्टीचे गुण माहीत नसावेत, नाहीतर त्याचे मतही त्या गुणांकडे झुकते. पाच गुणांची जी सीमारेषा कॅलिफोर्नियात योग्य ठरली, ती सोलापुरातही योग्यच ठरेल असे गृहीत धरता येत नाही. ती येथे नव्याने शोधावी लागते.

आहार मोजणे हे मन मोजण्यापेक्षा सोपे वाटते, प्रत्यक्षात ते तितकेच बिकट आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या छत्राखाली १९७२ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय पोषण संनियंत्रण ब्यूरोने ग्रामीण भागात 'चोवीस तासांची आठवण' ही पद्धत रुजवली : आदल्या दिवशी सकाळपासून रात्रीपर्यंत काय-काय खाल्ले, हे ठरावीक मापाच्या वाट्या-पळ्या दाखवून विचारायचे आणि त्याच संस्थेच्या अन्नघटकांच्या कोष्टकांवरून, ज्यांच्या २०१७ च्या आवृत्तीत ५२८ खाद्यपदार्थांचे विश्लेषण आहे, ऊर्जा, प्रथिने आणि जीवनसत्त्वे काढायची. वृद्धांच्या बाबतीत या पद्धतीत स्मरणाचा अडथळा तर येतोच, शिवाय पंचांगाचाही येतो. आदला दिवस एकादशीचा, संकष्टीचा किंवा श्रावणी सोमवारचा निघाला, तर नोंदीत साबुदाणा, भगर आणि शेंगदाणे येतात आणि वरण-भाकरी नाहीशी होते. आणि आठवड्यात दोन-तीन उपवास करणाऱ्या वृद्ध स्त्रिया महाराष्ट्रात विरळा नाहीत. म्हणून आठवड्यातील वेगवेगळ्या दोन किंवा तीन दिवसांच्या नोंदी घेणे आणि उपवासांचे दिवस व त्या दिवशीचे खाणे यांची वेगळी नोंद करणे आवश्यक ठरते. ऋतूचेही तसेच आहे. बीडसारख्या जिल्ह्यांत दिवाळीच्या सुमारास घरातील कर्ती माणसे ऊसतोडीला निघून जातात आणि म्हातारी माणसे नातवंडांसह गावात मागे राहतात; जानेवारीत केलेल्या सर्वेक्षणाला त्या घराचे एक चित्र दिसते आणि जूनमध्ये केलेल्या सर्वेक्षणाला दुसरे.

घराच्या आहारावरून वृद्धाच्या आहाराचा अंदाज बांधणे तर पूर्णपणे चुकीचे असते. जागतिक अन्न आणि कृषी संघटनेची अन्नअसुरक्षितता मोजणारी आठ प्रश्नांची मोजपट्टी उपयुक्त आहे, पण घरात अन्न पुरेसे असणे आणि सासूबाईंच्या ताटात ते पुरेसे येणे यांत अंतर असू शकते. त्यामुळे कुटुंबासाठी एक प्रश्नसंच आणि व्यक्तीसाठी वेगळा प्रश्नसंच असावा लागतो, ज्यात ती व्यक्ती कोणासोबत जेवते, कितव्या पंगतीला बसते, स्वतः वाढून घेते की वाढलेले खाते, कवळी आहे का, भाकरी आमटीत कुस्करून खावी लागते का, पेज किंवा मऊभात हेच मुख्य अन्न झाले आहे का, अशा गोष्टी विचारल्या जातात. पोषणाच्या मूळ अठरा बाबींच्या साधनात रोज मांस, मासे किंवा कोंबडी खाता का, असा एक उपप्रश्न आहे. आजन्म शाकाहारी असलेल्या वृद्धाला तो गुण मिळूच शकत नाही, आणि म्हणून त्याजागी डाळी, उसळी व दुधाचे पदार्थ यांचे वाटीच्या मापात प्रमाण विचारणारा पर्याय ठेवून त्याची वेगळी चाचणी घ्यावी लागते.

शरीराच्या मोजमापातही वय आडवे येते. पाठीला बाक आल्यावर उंची कमी भरते, आणि वजनाला उंचीच्या वर्गाने भागून येणारा बॉडी मास इंडेक्स त्यामुळे फुगतो, परिणामी कृश व्यक्ती कागदावर ठीक दिसते. यावर उपाय म्हणून गुडघ्यापर्यंतच्या पायाच्या लांबीवरून मूळ उंचीचा अंदाज काढतात किंवा पोटरीचा घेर मोजतात, जो ३१ सेंटिमीटरपेक्षा कमी असल्यास स्नायू झिजल्याचा संकेत समजला जातो. तीन महिन्यांत वजन किती घटले, हा प्रश्न कधीच वजनकाट्यावर न चढलेल्या माणसाला निरर्थक असतो. बांगड्या सैल झाल्या का, पोलक्याची शिवण आत घ्यावी लागली का, असे विचारले की उत्तर लगेच आणि खात्रीने येते. वयाचा प्रश्नही असाच कागदपत्रांच्या भरवशावर सोडता येत नाही, म्हणून १९६१ चा पानशेतचा पूर, १९६७ चा कोयनेचा भूकंप, १९७२ चा दुष्काळ या घटना घडल्या तेव्हा ती व्यक्ती शाळेत जात होती की तिचे लग्न झालेले होते, असे विचारून वय ठरवण्याची घटनादिनदर्शिका मुलाखतकारांजवळ असते.

हे सर्व नीट जमले तरी मुलाखत कुठे आणि कोणासमोर होते, यावर बरेच अवलंबून राहते. मुलगा दारात आणि सून स्वयंपाकघरात असताना 'पोटभर जेवायला मिळते का?' या प्रश्नाचे उत्तर एकच येते. कमी ऐकू येणाऱ्या वृद्धाच्या बाबतीत अडचण आणखी वाढते, कारण त्याला ऐकू जावे म्हणून मोठ्याने विचारलेला प्रश्न शेजारच्या घरालाही ऐकू जातो, आणि ज्याला सर्वाधिक एकटेपणा भोगावा लागतो त्यालाच एकांतात बोलता येत नाही. ध्वनी मोठा करणारे छोटे यंत्र, चित्रांची पत्रके, देवळाच्या ओट्यावर किंवा अंगणवाडीच्या रिकाम्या खोलीत घेतलेली मुलाखत, हे उपाय खर्चाचे नाहीत. त्यांची तरतूद मात्र आराखड्यातच करावी लागते. स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीची उत्तरे भरवशाची नसतात, म्हणून आधी बुद्धिक्षमतेची छोटी चाचणी घेऊन अशा व्यक्तींसाठी सांभाळ करणाऱ्याकडून माहिती घेणारी वेगळी मोजपट्टी वापरतात. त्यांना सर्वेक्षणातून वगळणे सोयीचे असले, तरी कुपोषणाचा धोका त्यांनाच फार मोठा असतो.

नमुना किती घ्यावा, हे गणित त्यामानाने सरळ आहे. नैराश्याची लक्षणे २० टक्के वृद्धांत असतील असे गृहीत धरून, उत्तर चार टक्के अंकांच्या आत-बाहेर आणि ९५ टक्के खात्रीने हवे असेल, तर साधारण ३८५ व्यक्ती पुरतात. परंतु गावे निवडून त्यांतील घरे निवडली जात असल्यामुळे आणि एका गावातील माणसे एकमेकांसारखी असल्यामुळे ही संख्या दीडपट करावी लागते, म्हणजे सुमारे ५७८, आणि दहा टक्के लोक भेटणार नाहीत किंवा नकार देतील हे धरून ती ६४० च्या घरात जाते. या संख्येहून निवडीची पद्धत महत्त्वाची आहे. ज्येष्ठ नागरिक संघात, सकाळच्या बागेत किंवा आरोग्य शिबिरात जमलेल्या वृद्धांचे सर्वेक्षण करणे सोपे असते, पण जो अंथरुणातून उठत नाही, ज्याला माणसे नकोशी झाली आहेत, तो तेथे येतच नाही, आणि नेमका तोच शोधायचा असतो.

आकडे हाती आल्यावर त्यांचा अर्थ लावताना चाळणी आणि निदान यांत गल्लत होता कामा नये. एका मोजपट्टीची संवेदनशीलता, म्हणजे खरोखर आजारी असलेल्यांना पकडण्याची क्षमता, ८० टक्के आहे आणि विशिष्टता, म्हणजे निरोगी माणसाला निरोगी म्हणून सोडण्याची क्षमता, तीही ८० टक्के आहे असे धरू. हजार वृद्धांपैकी शंभर जण खरोखर नैराश्याने आजारी असतील, तर त्यांतील ८० जण सापडतात. उरलेल्या नऊशे निरोगी वृद्धांपैकी मात्र १८० जणांवरही चुकीचा शिक्का बसतो. वर्तमानपत्रात '२६ टक्के वृद्ध नैराश्यग्रस्त' असा मथळा छापला जातो, वस्तुतः त्या २६० जणांपैकी आजारी ८०च असतात. म्हणून सर्वेक्षणात सीमारेषेपलीकडे गेलेल्यांपैकी सर्वांची किंवा निदान काहींची, आणि अलीकडे राहिलेल्यांपैकीही थोड्यांची तज्ज्ञाकडून तपासणी करवून खरे प्रमाण काढणे, हा दुसरा टप्पा खर्चिक असला तरी टाळू नये. आणि एकदाच केलेल्या सर्वेक्षणातून आधी भूक गेली की आधी मन खचले, हे कळत नाही. त्यासाठी त्याच व्यक्तींकडे वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा जावे लागते, आणि वैधव्य, गरिबी, थायरॉइडचे विकार, दीर्घ आजार, भूक मारणारी औषधे अशा दोन्हींना कारण ठरू शकणाऱ्या गोष्टींची नोंद पहिल्याच भेटीत घ्यावी लागते.

अशा सर्वेक्षणात मुलाखतकाराला केव्हातरी असे उत्तर मिळतेच, जे ऐकून केवळ रकान्यात खूण करून पुढच्या घरी जाणे माणुसकीला धरून नसते. आत्महत्येचा विचार बोलून दाखवणारी किंवा दोन दिवस उपाशी असलेली व्यक्ती भेटल्यावर काय करायचे, त्याच दिवशी कोणत्या डॉक्टरला कळवायचे, प्राथमिक आरोग्य केंद्रातील कोणाशी आधीच बोलणे झालेले आहे, हे मानवी संशोधनाला मान्यता देणाऱ्या नीतिसमितीसमोर आराखड्यातच मांडलेले असावे. ऑक्टोबर २०२२ पासून देशभर सुरू असलेली टेलि-मानस ही मोफत मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या क्रमांकावर आणि ज्येष्ठ नागरिकांसाठीची एल्डरलाइन १४५६७ या क्रमांकावर उपलब्ध आहे. हे दोन क्रमांक मोठ्या अक्षरांत छापून प्रत्येक घरी ठेवणे हे सर्वेक्षणाचेच काम आहे. रक्त तपासून ब१२ किंवा हिमोग्लोबिन कमी आढळले, तर तो निकाल त्या व्यक्तीला समजेल अशा भाषेत परत द्यायला हवा आणि उपचाराची वाट दाखवायला हवी.

वार्धक्यातील नैराश्याची मोजपट्टी सार्वजनिक मालकीची आहे आणि पीएचक्यू-९ ही विनामूल्य वापरता येते, त्यामुळे त्यांच्या मराठी आवृत्त्यांवर कोणाची कुंपणे असण्याचे कारण नाही. महाराष्ट्रातील आणि गोव्यातील वैद्यकीय महाविद्यालयांत, गृहविज्ञान आणि समाजकार्य विभागांत या विषयावर जो कोणी प्रश्नावली घडवील, त्याने तिचा अंतिम मराठी मजकूर, वृद्धांनी कोणते शब्द नाकारले आणि कोणते स्वीकारले त्याची नोंद आणि सीमारेषा ठरवण्यासाठी केलेली तपासणी, हे सारे आपल्या प्रबंधासोबत खुले करावे, म्हणजे पुढच्या संशोधकाला त्याच वृद्धांना तेच कच्चे प्रश्न पुन्हा विचारावे लागणार नाहीत.